दख्खनच्या खडकापासून होमी भाभांपर्यंत: विकिपीडियाचे दुवे विषयांना कसे जोडतात

ऑक्टोबर २०२५ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेने, एक आकडा जाहीर केला. यंत्रांनी दिलेल्या भेटी वगळल्या, तर माणसांनी विकिपीडियाची पाने उघडण्याचे प्रमाण आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या तुलनेत सुमारे ८ टक्क्यांनी कमी झाले होते. शोधयंत्रे आता स्वतःच उत्तर लिहून देतात, अनेकदा विकिपीडियाच्याच मजकुराच्या आधारे, आणि तरुण वाचक माहितीसाठी व्हिडिओंकडे वळतात, अशी कारणे संस्थेने दिली. यावर सहज सुचणारी प्रतिक्रिया अशी, की माहिती तीच मिळत असेल तर ती कोणत्या दाराने आली याने काय फरक पडतो? फरक पडतो, आणि तो समजण्यासाठी लेखातल्या निळ्या अक्षरांकडे, म्हणजे दुव्यांकडे, जरा बारकाईने पाहावे लागते. उत्तर एका परिच्छेदात मिळू शकते, परंतु एका विषयाचा दुसऱ्याशी संबंध काय, हे ज्ञानकोशात बऱ्याच अंशी दुव्यांमधून सांगितलेले असते.

दुवा म्हणजे काय, आणि तो कोण घालतो

दुवा म्हणजे एका लेखातील शब्दावर क्लिक केल्यावर दुसरा लेख उघडण्याची सोय. विकिपीडियाच्या संपादनखिडकीत एखाद्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना दुहेरी चौकटी कंस घातले की तो शब्द दुवा बनतो. या कृतीत तांत्रिक अवघड काहीच नाही. अवघड असतो तो निर्णय: कोणत्या शब्दाला दुवा द्यायचा आणि कोणता तसाच सोडायचा. 'पाणी' किंवा 'माणूस' अशा रोजच्या शब्दांना उगाच दुवे देऊ नयेत, ज्यामुळे वाचकाला चालू विषय अधिक समजेल तिथेच द्यावेत, आणि एकाच लेखात तोच दुवा पुनःपुन्हा देऊ नये, असे संकेत तिथे आहेत. पण शेवटी हा निर्णय कुणीतरी संपादक घेतो, दुसरा कुणी तो बदलतो, आणि हे सारे लेखाच्या इतिहासात नोंदलेले राहते.

दोन गोष्टी येथेच लक्षात घ्याव्यात. पहिली अशी, की दुवा एकेरी असतो. 'अ' लेखातून 'ब' कडे जाता आले, म्हणजे 'ब' मधून 'अ' कडे परत येता येईलच असे नाही. उलट दिशेने पाहायचे असेल तर प्रत्येक पानासोबत 'येथे काय जोडले आहे' अशी एक सोय असते. तिच्यावर क्लिक केल्यास त्या लेखाकडे बोट दाखवणाऱ्या सर्व लेखांची यादी मिळते. बहुसंख्य वाचकांनी ती कधी उघडलेली नसते, हे दुर्दैव, कारण एखाद्या विषयाचे महत्त्व कुठे कुठे मानले गेले आहे हे कळायला तिच्याइतके चांगले साधन नाही. दुसरी गोष्ट लाल दुव्यांची. जो लेख अजून लिहिलाच गेलेला नाही, त्याच्याकडे नेणारा दुवा लाल रंगात दिसतो. वाचकाला तो चुकीसारखा वाटतो, पण प्रत्यक्षात ती एक जाहीर मागणी असते: येथे एक लेख असायला हवा, आणि तो अजून नाही.

सह्याद्रीच्या खडकापासून सुरुवात

आता एक प्रत्यक्ष प्रवास करू. इंग्रजी विकिपीडियावर दख्खनच्या लाव्हाथरांविषयी, म्हणजे 'डेक्कन ट्रॅप्स'विषयी, सविस्तर लेख आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतील भेगांमधून लाव्हा पुन्हापुन्हा बाहेर पडला आणि थरावर थर साचत गेले. आजही हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला असून काही ठिकाणी त्याची जाडी २ किलोमीटरहून अधिक आहे. सह्याद्रीचे कडे, अजिंठा आणि वेरूळची लेणी, बहुतेक गिरिदुर्ग आणि कापसाची काळी जमीन ही सगळी याच बेसाल्टची, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकाची, देणगी. म्हणजे या एका लेखातून शेतीकडे, शिल्पकलेकडे किंवा मराठ्यांच्या इतिहासाकडे जाता येते. आपण मात्र वेगळा दुवा निवडू: डायनासोरांसह असंख्य जीव नाहीसे झाले त्या सामूहिक विनाशाचा.

त्या लेखात लुईस अल्वारेझ हे नाव भेटते. १९८० मध्ये त्यांनी आपले भूवैज्ञानिक पुत्र वॉल्टर अल्वारेझ आणि फ्रँक असारो व हेलन मिशेल या दोन रसायनशास्त्रज्ञांच्या साथीने असे मांडले, की त्या काळातील मातीच्या पातळ थरात, उदाहरणार्थ इटलीतील गुब्बिओजवळ, इरिडियम हा धातू अनपेक्षित प्रमाणात सापडतो. पृथ्वीच्या कवचात इरिडियम फार विरळ आहे आणि लघुग्रहांमध्ये त्या मानाने विपुल. त्यावरून मोठा लघुग्रह आदळला असावा, हा निष्कर्ष निघाला. पुढे मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्पाखाली दडलेले सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे चिक्सुलूब विवर या आघाताची खूण म्हणून ओळखले गेले.

अल्वारेझ मुळात भूवैज्ञानिक नव्हते. ते भौतिकशास्त्रज्ञ होते, १९६८ चे नोबेल पारितोषिक त्यांना मूलकणांच्या संशोधनासाठी मिळाले होते, आणि ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा निरीक्षण करणाऱ्या विमानात ते होते. त्यांच्यावरील लेखात आणखी एक अनपेक्षित दुवा आहे, इजिप्तमधील खाफ्रेच्या पिरॅमिडचा. १९६० च्या दशकात त्यांनी त्या पिरॅमिडच्या तळाशी असलेल्या दालनात उपकरणे बसवली आणि वरच्या दगडांतून पार होऊन येणारे म्युऑन मोजले. म्युऑन म्हणजे अवकाशातून येणारे किरण, म्हणजेच विश्वकिरण, वातावरणावर आदळल्यावर तयार होणारे एक प्रकारचे सूक्ष्म कण. जिथे दगडाऐवजी पोकळी असेल तिथून ते जास्त संख्येने येतील, असा साधा हिशेब त्यामागे होता. तपासलेल्या भागात एकही गुप्त दालन सापडले नाही. पण तंत्र टिकले, आणि २०१७ मध्ये त्याच तंत्राने शेजारच्या खुफूच्या पिरॅमिडमध्ये एक मोठी पोकळी आढळली.

म्युऑनवरून विश्वकिरणांच्या लेखाकडे आणि तिथून होमी भाभांकडे जाता येते. १९३७ मध्ये भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी अवकाशातून आलेल्या किरणांपासून वातावरणात कणांचा वर्षाव कसा निर्माण होतो, याचे गणित मांडले. भाभांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पुढे कोलारच्या सोन्याच्या खाणींत, जमिनीच्या पोटात खोलवर, म्युऑन मोजले, आणि १९६५ मध्ये तिथेच वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या, म्हणजे पदार्थातून जवळजवळ न अडता पार होणाऱ्या सूक्ष्म कणांच्या, खुणाही मिळाल्या. भाभांच्या लेखातून मुंबईवर क्लिक करावे. मुंबईच्या भूगोलात शहराखालच्या काळ्या बेसाल्टचा उल्लेख येतो, आणि आपण पुन्हा दख्खनच्या लाव्हाथरांवर येऊन पोहोचतो. अंधेरीतील गिल्बर्ट हिल ही खांबांसारख्या आकाराच्या बेसाल्टची टेकडी त्याच खडकाचा उघडा पडलेला भाग आहे.

दुव्याभोवतीचे वाक्य

या प्रवासात भूविज्ञान, जीवसृष्टीचा इतिहास, अणुयुद्ध, इजिप्तचे पुरातत्त्व आणि भारतीय विज्ञानसंस्था असे पाच प्रांत सात-आठ क्लिकमध्ये पालथे घातले गेले. चटकन मनात येणारा विचार असा, की या सगळ्यांत काहीतरी गूढ नाते असले पाहिजे. तसे काही नाही. प्रत्येक टप्प्यावरचे नाते वेगळ्या जातीचे आहे. दख्खनचा लाव्हा आणि जीवांचा विनाश यांच्यातले नाते काळाचे आहे, आणि ते कारणाचेही आहे का, यावर आजही वाद चालू आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातील भूवैज्ञानिक गेर्टा केलर यांनी दीर्घकाळ ज्वालामुखींची बाजू लावून धरली, तर बहुसंख्य शास्त्रज्ञ लघुग्रहाच्या आघाताला मुख्य कारण मानतात. अल्वारेझ आणि पिरॅमिड यांच्यातले नाते एका माणसाच्या कुतूहलाचे आहे. म्युऑन आणि विश्वकिरण यांचे नाते जन्यजनकाचे, भाभा आणि मुंबई यांचे वास्तव्याचे, आणि मुंबई व बेसाल्ट यांचे नुसते पायाखालच्या जमिनीचे.

निळा रंग मात्र सर्वत्र सारखाच असतो. तो फक्त एवढेच सांगतो, की येथे काही संबंध आहे. कोणता संबंध, किती पक्का, कुणाच्या मते, हे त्या शब्दाभोवतीचे वाक्य सांगते. 'विनाशाला हातभार लागला असावा' आणि 'विनाश घडवला' या दोन वाक्यांत दुवा एकाच लेखाचा असू शकतो, पण विधाने निराळी आहेत. घाईने क्लिक करणारा वाचक नेमके तेच 'असावा' मागे टाकून पुढे जातो, आणि शेवटी त्याच्या मनात विषयांची माळ उरते, पण मधला दोरा निसटलेला असतो. दुव्यांचा खरा उपयोग करून घ्यायचा असेल तर क्लिक करण्याआधी ते वाक्य पूर्णविरामापर्यंत वाचणे भाग आहे. माझ्या मते या विषयातले सगळ्यात महत्त्वाचे सूत्र हेच, आणि पुढचे बरेचसे विवेचन त्याच्याच अनुषंगाने आहे.

सगळे इतके जवळ कसे?

इंग्रजी विकिपीडियावर आज ७० लाखांहून अधिक लेख आहेत. एवढ्या पसाऱ्यात कोणत्याही दोन लेखांमधले अंतर खूप असेल असे वाटते. २००८ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील स्टीफन डोलन यांनी संगणकाकडून हिशेब करून घेतला, तेव्हा इंग्रजी विकिपीडियावर एका लेखातून दुसऱ्या लेखापर्यंत जाण्यासाठी सरासरी साडेचारच्या आसपास क्लिक पुरतात असे दिसले. तेव्हा लेख आजच्यापेक्षा बरेच कमी होते हे खरे, पण लेख वाढले म्हणून अंतर त्याच प्रमाणात वाढत नाही, आणि यामागे एक सर्वसाधारण नियम आहे.

हा नियम समजण्यासाठी एसटीचा प्रवास आठवावा. कोकणातल्या एखाद्या वाडीवरून मेळघाटातल्या एखाद्या पाड्यावर जायचे, तर थेट गाडी नसते. पण वाडीवरून तालुक्याला, तालुक्यावरून जिल्ह्याला, तिथून दुसऱ्या मोठ्या स्थानकाला, मग पुन्हा तालुका आणि शेवटी पाडा, अशा पाच-सहा गाड्या बदलून माणूस पोहोचतो. गावे हजारो असली तरी गाड्या बदलण्याची संख्या वाढत नाही, कारण मोजकी मोठी स्थानके खूप ठिकाणांना जोडलेली असतात. ज्ञानकोशातही असेच आहे. भारत, दुसरे महायुद्ध, रसायनशास्त्र, लंडन अशा लेखांकडे प्रचंड संख्येने दुवे येतात. बहुतेक लेखांपासून असे एखादे मोठे स्थानक एक-दोन क्लिकवर असते, आणि दोन मोठी स्थानके तर एकमेकांना लागूनच असतात. डोलन यांच्या हिशेबात सर्वांना सर्वांत जवळचा ठरलेला लेख '२००७' या वर्षाचा होता, आणि वर्षांसारखे लेख बाजूला ठेवले तर 'युनायटेड किंग्डम' हा. यावरून ब्रिटन ही विश्वातील सर्व कल्पनांची जननी आहे असे सिद्ध होत नाही. इंग्रजीत लिहिणारे ब्रिटनचा उल्लेख वारंवार करतात, एवढेच त्यातून दिसते.

१९९८ मध्ये डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगाट्झ यांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले, की बहुतेक जोडण्या आपापल्या शेजाऱ्यांशीच असलेल्या जाळ्यात काही थोड्या लांबच्या जोडण्या टाकल्या, तरी सगळे जाळे अचानक आखूड होते. आपल्या प्रवासातील खाफ्रेच्या पिरॅमिडचा दुवा हा असाच एक लांबचा दुवा. भौतिकशास्त्र आणि इजिप्तचा इतिहास या दोन मोहल्ल्यांमध्ये एरवी फारशी ये-जा नसते, पण एका माणसाच्या प्रयोगाने ती सुरू झाली.

येथे एक सावधगिरी. १९६० च्या दशकात स्टॅनले मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत पत्रांचा प्रसिद्ध प्रयोग केला. ओळखीच्या माणसांमार्फत बॉस्टनजवळच्या एका अनोळखी गृहस्थापर्यंत पत्र पोहोचवायचे होते. पोहोचलेल्या पत्रांना मधे सरासरी पाच-सहा माणसे लागली, आणि 'सहा पायऱ्यांचे जग' ही कल्पना त्यावरून लोकप्रिय झाली. त्यानंतर लोकांना विसर पडला तो असा, की १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपशिलानुसार २९६ पैकी केवळ ६४ पत्रे पोहोचली. वाट अस्तित्वात असणे आणि ती माणसाला सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विकिपीडियावर एका लेखातून दुसऱ्यात कमीत कमी क्लिकमध्ये पोहोचण्याचा खेळ खेळणाऱ्यांचा अभ्यास स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. माणसे आधी एखादा मोठा, सर्वांना जोडलेला लेख गाठतात आणि मग मुक्कामाशी मिळतेजुळते विषय निवडत बारीक वाटेने खाली उतरतात, असे त्यात आढळले. एसटीने जाणारा प्रवासी यापेक्षा वेगळे काही करत नाही.

पहिला दुवा आणि तत्त्वज्ञान

इंग्रजी विकिपीडियावर एक गंमत फार वर्षांपासून प्रसिद्ध आहे. कोणताही लेख उघडून मुख्य मजकुरातील पहिल्या दुव्यावर क्लिक करत राहावे, कंसातले आणि तिरक्या अक्षरांतले दुवे सोडून द्यावेत, आणि बहुतेक वेळा आपण 'तत्त्वज्ञान' या लेखावर पोहोचतो. २०११ मध्ये झालेल्या मोजणीत सुमारे ९५ टक्के आणि २०१६ मध्ये सुमारे ९७ टक्के लेख असे तिथे पोहोचत होते. कोणीही पहिल्या वाक्यात बदल केला की वाट बदलते, त्यामुळे हा खेळ कधी कधी दुसऱ्याच फेऱ्यात अडकतो.

यात चमत्कार नाही, व्याख्येची रीत आहे. ज्ञानकोशातील लेखाचे पहिले वाक्य बहुधा 'अमुक हा तमुक प्रकारचा आहे' असे असते. बेसाल्ट हा अग्निजन्य खडक, खडक हा खनिजांचा समुच्चय, असे म्हणत म्हणत आपण विशेषाकडून सामान्याकडे चढतो. वस्तूची व्याख्या तिची जात सांगून आणि मग वेगळेपण सांगून करावी, ही पद्धत ॲरिस्टॉटलपासून चालत आली आहे. अशा चढणीच्या शेवटी ज्ञान, विचार, अस्तित्व असे शब्द उरणारच, आणि ते तत्त्वज्ञानाच्या अंगणात राहतात.

मराठी विकिपीडियावर हाच खेळ वेगळा होतो. तेथे गावांवरील लेखांची संख्या मोठी आहे, आणि त्यांचे पहिले वाक्य साधारणपणे 'अमुक हे भारतातील महाराष्ट्र राज्याच्या अमुक जिल्ह्यातील अमुक तालुक्यातील गाव आहे' असे असते. म्हणजे पहिला दुवा वस्तूच्या जातीकडे न जाता तिच्या जागेकडे नेतो. व्याख्येची रचना बदलली की कल्पनांचा नकाशा बदलतो, याचे इतके सोपे उदाहरण दुसरीकडे क्वचितच मिळेल.

'पहा' म्हणण्याची जुनी रीत

संगणकाने ही कल्पना जन्माला घातली असे मानणे चूक आहे. लंडनमध्ये १७२८ साली निघालेल्या एफ्रेम चेंबर्सच्या ज्ञानकोशात एका नोंदीवरून दुसरीकडे जाण्याच्या सूचना होत्या. फ्रान्समध्ये १७५१ पासून निघू लागलेल्या दिदरो आणि दालांबेर यांच्या ज्ञानकोशाने या सूचनांचे शस्त्र केले. त्यातील नरभक्षकांवरची नोंद वाचून संपली की खाली वाचकाला ख्रिस्तप्रसादाचा विधी, कम्युनियन आणि वेदी या नोंदी पाहायला सांगितले होते. लेखात चर्चविरुद्ध एक शब्द नाही. मात्र ख्रिस्ताचे शरीर म्हणून भाकरी सेवन करण्याच्या विधीकडे नरभक्षकांच्या नोंदीतून वाट काढून दिल्यावर सांगायचे काय राहिले? 'ज्ञानकोश' या विषयावरच्या आपल्या नोंदीत, १७५५ मध्ये, दिदरोने संदर्भसूचनांचे प्रकार सांगताना हे उघडपणे कबूल केले, की काही सूचना नोंदींना बळकटी देण्यासाठी असतात आणि काही उघडपणे ज्यांची निंदा करता येत नाही अशा मतांना आतून पोखरण्यासाठी.

मराठीतही ही परंपरा आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या २३ खंडांच्या ज्ञानकोशानंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाच्या नोंदींमध्येही 'पहा' म्हणून दुसऱ्या नोंदींकडे निर्देश केलेले आढळतात. त्या काळी तसे पाहायचे म्हणजे उठून कपाटातला दुसरा जाडजूड खंड काढायचा. अमेरिकन अभियंता व्हॅनेव्हर बुश यांनी जुलै १९४५ च्या एका लेखात, वाचक स्वतःच कागदपत्रांमध्ये वाटा पाडून ठेवील आणि त्या इतरांना देईल, अशा यंत्राची कल्पना मांडली होती. तसे यंत्र बनले नाही, पण १९६० च्या दशकात टेड नेल्सन यांनी दुव्यांनी जोडलेल्या मजकुरासाठी 'हायपरटेक्स्ट' ही संज्ञा आणली, १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वेबचा प्रस्ताव ठेवला, १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी कुणालाही संपादित करता येईल असे पहिले विकी उघडले, आणि १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला.

मग दुवे निःपक्षपाती नसतात का?

दिदरोचे उदाहरण वाचल्यावर हा प्रश्न यायलाच हवा. उत्तर असे, की दुवा हा निवडीचा परिणाम आहे आणि निवडणाऱ्यांच्या आवडीनिवडी त्यात उतरतात. ज्या विषयावर लेखच नाही त्याकडे दुवा जाऊ शकत नाही. इंग्रजी विकिपीडियावरील चरित्रलेखांत स्त्रियांच्या चरित्रांचे प्रमाण २०१४ च्या सुमारास १५ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणून २०१५ मध्ये 'विमेन इन रेड' हा उपक्रम सुरू झाला. नावातला लाल रंग लाल दुव्यांचाच आहे. जिथे एखाद्या कर्तबगार स्त्रीचे नाव लाल दिसते, तिथे लेख लिहून ते निळे करायचे. आता हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास पोहोचले आहे.

शिवाय सगळे दुवे वाचकांच्या उपयोगी पडतात असेही नाही. इंग्रजी विकिपीडियावर फेब्रुवारी २०१५ मध्ये नव्याने घातलेल्या दुव्यांचा मागोवा संशोधकांनी घेतला, तेव्हा त्यांपैकी ६६ टक्के दुव्यांवर पुढच्या अख्ख्या महिन्यात एकदाही क्लिक झालेले नव्हते. शंभराहून अधिक क्लिक मिळवणारे दुवे जेमतेम १ टक्का. वाचक लेखाच्या सुरुवातीचे दुवे अधिक वापरतात, हेही अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे नकाशावर लाखो रस्ते असले तरी रहदारी थोड्याच रस्त्यांवर आहे, आणि एखादा विचार लेखाच्या पहिल्या परिच्छेदात जोडला आहे की शेवटच्या, याने तो किती लोकांपर्यंत पोहोचेल हे बरेचसे ठरते.

असे भटकणे म्हणजे वेळेचा अपव्यय नव्हे का?

काही वेळा असतो, हे मान्य करायला हरकत नाही. पण भटकण्याचेही प्रकार आहेत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५० देश-प्रदेशांतील, १४ भाषांतून विकिपीडियाचे मोबाइल ॲप वापरणाऱ्या ४ लाख ८२ हजारांहून अधिक वाचकांच्या वाचनाच्या वाटा तपासल्या गेल्या. काही वाचक एकमेकांना लागून असलेल्या लेखांतच खोल जातात आणि एखादा प्रश्न धसास लावतात. त्यांना संशोधकांनी शिकाऱ्याची उपमा दिली. काही इकडूनतिकडून, एकमेकांशी सैल संबंध असलेल्या विषयांवर जातात. आणि काही थोडे असे असतात, की दूरच्या दोन क्षेत्रांमध्ये उडी घेऊन नवी जोडणी करतात. एकच माणूस आज शिकारी आणि उद्या भटक्या असू शकतो. परीक्षेच्या आदल्या रात्री कोणता व्हावा, हे सांगण्याची गरज नसावी.

उत्तर थेट मिळत असेल, तर वाट कशाला हवी?

हा सध्याचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे. चॅटबॉटला 'दख्खनच्या ज्वालामुखींमुळे डायनासोर मेले का' असे विचारले की तीन परिच्छेदांत उत्तर मिळते, आणि पुष्कळदा ते ठीकही असते. ज्याला केवळ उत्तर हवे आहे त्याचे काम झाले. पण त्या उत्तरातून अल्वारेझ यांच्या पिरॅमिडपर्यंत जाता येत नाही, कारण पिरॅमिडविषयी विचारावे हे सुचण्यासाठी तो दुवा आधी नजरेस पडावा लागतो. प्रश्न विचारणाऱ्याला आपल्या प्रश्नाच्या कुंपणाबाहेर काय आहे हे माहीत नसते, आणि ज्ञानकोशातला दुवा नेमका त्या कुंपणाला फाटक लावतो. चॅटबॉटला 'आणखी काय जोडलेले आहे' असे विचारता येते, हे खरे. तेव्हा मिळणारी यादी मात्र त्या क्षणी तयार झालेली असते. ती जोडणी कुणी केली, केव्हा केली, कुणाला ती पटली नाही, हे तपासण्याजोगा सार्वजनिक इतिहास तिच्यामागे नसतो.

आणखी एक व्यावहारिक बाजू आहे. विकिपीडियावरचे दुवे स्वयंसेवक घालतात, आणि हे स्वयंसेवक बहुधा आधी वाचक म्हणून येतात. भेटी कमी झाल्या तर नवे संपादक आणि देणगीदारही कमी मिळतील, अशी चिंता विकिमीडिया फाउंडेशनने त्या ऑक्टोबरमधील निवेदनात व्यक्त केली होती. चॅटबॉटही ज्या मजकुरावर शिकवले जातात त्यात विकिपीडिया असतो. म्हणजे वरचे उत्तर चांगले राहावे असे वाटत असेल, तरी खालची विहीर भरणारी माणसे लागणारच.

मराठी विकिपीडियाचे काय?

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि आज तिथल्या लेखांची संख्या लाखाच्या घरात आहे. संख्येपेक्षा जोडण्यांची अडचण मोठी आहे. ज्यांच्याकडे दुसऱ्या कुठल्याही लेखातून दुवा येत नाही, अशा लेखांची एक यादी तिथे आपोआप तयार होते, आणि तिला नावही समर्पक आहे: 'पोरके लेख'. असा लेख शोधून सापडेल, पण वाचता वाचता त्याच्याशी कुणाची गाठ पडणार नाही. ज्या लेखांतून बाहेर जाणारा एकही दुवा नाही, त्यांची वेगळी यादी असते. एखादा लेख चांगला लिहिलेला असूनही या दोन्ही याद्यांत असू शकतो.

नवा लेख लिहिणे प्रत्येकाला जमेलच असे नाही, पण एक वाक्य जोडणे जमते. समजा, लोणारवरचा एखादा लेख 'बुलढाणा जिल्ह्यातील एक तालुका' एवढ्यावरच थांबलेला आहे. त्यात, येथील सरोवर बेसाल्ट खडकात अशनीच्या आघाताने बनलेल्या विवरात आहे आणि चंद्र व मंगळ यांच्या पृष्ठभागावरही बेसाल्ट असल्यामुळे तिथली विवरे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ लोणारचा अभ्यास करतात, असे एक वाक्य आधारासह घालून बेसाल्ट, आघात विवर, चंद्र आणि मंगळ या चार शब्दांना दुहेरी चौकटी कंस दिले, तर तालुक्याच्या पानावर आलेल्या शाळकरी मुलाला पुढचा क्लिक थेट मंगळावर करता येतो, आणि तिथे कशामुळे जायचे हेही त्याच वाक्यात लिहिलेले असते.